चार ठोके आणि एक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते आहे आणि कबूलच करते... निम्मे वाचून हसले आहे. उलटे पाय, बंद बंगला, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई – नवऱ्याला वाचून दाखवून त्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. मी इतिहास शिकलेली बाई. आधी कागद दाखवा, मग बोला, हा माझा स्वभाव. घरात त्यावरून मला ‘पुरावा मॅडम’ म्हणतात. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे तर तुम्हीही खुशाल हसा. मला तक्रार करायला तोंड नाही.

आधी जागा सांगते. घुग्घुस, जिल्हा चंद्रपूर. कोळसा आणि सिमेंट, दोन्हींची धूळ. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट दुपारी बोटाने नाव लिहिण्याइतकी काळी होते. नवरा सिमेंट कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी कोळसा खाणीत टिंबर मिस्त्री होते – म्हणजे जमिनीखाली छताला लाकडाचे टेकू लावणारा माणूस. काठीने छत ठोकायचं, कान द्यायचा आणि ते टिकणार की खाली येणार हे सांगायचं. आयुष्यभर हेच काम केलं. ती खाण आता बंद आहे.

मी नागपूरला जर्मन शिकले. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांवर मराठीत पुस्तक लिहीत होते. सेनापतींवर नाही हं, खंदकात राहणाऱ्या साध्या शिपायांवर. ते काय खायचे, कुठे झोपायचे, अंगावरच्या उवा कशा मारायचे. घुग्घुसमध्ये बसून जर्मन उवांवर लिहिणारी बाई जगात मी एकटीच असणार! हस्तलिखित द्यायची तारीख दोनदा टळली होती. तिसऱ्यांदा टळली तर हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल, असं संपादकांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. त्या गोड शब्दांनीच माझी झोप उडाली होती.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची तारीख संक्रांतीनंतरची. टीव्ही दिसेना, पेपर वाचता येईना. दिवसभर ओसरीत बसून स्वतः कंटाळायचे आणि माझं डोकं खायचे.

“काय लिवून राह्यली बाई? जरा मोठ्यानं वाच ना. मलेबी समजू दे जर्मनी.”

म्हणून जेवणं झाली की मी लिहिलेली पानं त्यांना वाचून दाखवायला लागले. खरं सांगू, असा श्रोता मला कॉलेजातही मिळाला नव्हता. जर्मन लोक खंदकांच्या खाली, तीस-तीस फूट खोल, लाकडी चौकटी लावून खोल्या खोदायचे. वरून तोफा सुरू झाल्या की सगळे त्या खोल्यांत. हे प्रकरण आल्यावर मामाजी एकदम ताठ बसले.

“छत कायची होती?”

“खडूची, मामाजी. मऊ पांढरा दगड.”

“मंग टेकू जवळजवळ पाह्यजेत. तुनं चित्रात लांब लांब काढले असतीन.”

मी पुन्हा मूळ आकृती पाहिली. त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना तपासनीस नेमूनच टाकलं.

मग ते पान आलं. एका जर्मन पलटणीचा, युद्धानंतर छापलेला इतिहास मी वापरत होते. त्यात एका ओळीत उल्लेख होता – तोफमाऱ्यात एका भुयारी खोलीचं तोंड बुजलं, आत अकरा जण होते. मी त्याचं मराठी केलं होतं: ‘अकराही जणांना जागीच मृत्यू आला. खोदकाम थांबवण्यात आलं.’

मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. मामाजींनी हात वर केला.

“कोणं पाह्यलं?”

“काय कोणी पाहिलं?”

“जागीच मेले म्हून. लिवणारा खाली गेला होता का?”

“पुस्तकात आहे, मामाजी.”

“पुस्तकात हाये...” मग मान एका बाजूला कलती करून म्हणाले, “थांब. ठोकून राह्यले थे.”

कोण ठोकतंय? मी कान दिला. काही नाही. आमच्याकडे रोज दोन-अडीचला उघड्या खाणीत ब्लास्टिंग होतं, मांडणीवरची भांडी वाजतात. पण त्याला अजून वेळ होता. शेजारची मोटारही बंद होती.

“मामाजी, काही नाही. उन्हानं पत्रा वाजत असेल.”

“पत्रा मले समजते बाई.” ते चिडले. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या खाणीत एक पद्धत होती. कोणी आत अडकलं तर त्याने लोखंडी रुळावर किंवा पाइपावर ठोकायचं – जितके जिवंत, तितके ठोके. मग थांबायचं, मग पुन्हा तितकेच. बाहेरच्याने ऐकलं की लगेच एक ठोका परत द्यायचा. एक ठोका म्हणजे ऐकलं, येतो.

“किती आहेत?” मी विचारलं. थट्टेनेच, हेही कबूल करते.

त्यांनी बोटांवर मोजलं. “चार. आन एक.”

“म्हणजे पाच.”

“नाई. चार आन एक. थो एक अलग हाये.”

मी विषय बदलला, चहा केला. म्हातारं माणूस, डोळ्यांना दिसत नाही, त्यात मी रोज मेलेल्या लोकांचं वाचून दाखवते... मलाच अपराधी वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पान पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा हात वर. पुन्हा चार आणि एक. तिसऱ्या दिवशी मी ते वाक्य गाळून वाचलं, तर ते शांत बसून राहिले. दुसऱ्या प्रकरणातलं वाचलं, तरी शांत. मला हायसं वाटलं. त्यांना शब्द ऐकून आठवतं आहे काहीतरी, दुसरं काय! मी नवऱ्याला तसं सांगितलंही.

पण पुरावा मॅडमला स्वस्थ बसवेना. चौथ्या दिवशी मी मूळ जर्मन पुस्तकच घेऊन बसले.

“आज जर्मनमध्येच ऐका मामाजी, कसं वाटतं ते.”

पाव, मुरंबा, सूप यांच्याबद्दलची तीन-चार पानं मी सलग वाचली. मामाजी हसत होते. “गोटे चावून बोलते काय हे लोकं?” जर्मनचा एक शब्द त्यांना येत नाही, हे मी छातीठोक सांगते. मराठी चौथी शिकलेला माणूस. मी तशीच वाचत राहिले, आवाज न बदलता, न थांबता, आणि मधेच पान उलटून ती एक ओळ वाचली.

त्यांचं हसणं मधेच बंद झालं आणि हात वर गेला.

मी घाबरले. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर ट्रक चाललेले, आणि मला माझ्याच घरात बसवेना. पुस्तक मिटून मी अंगणात गेले आणि उगाचच वाळलेले कपडे पुन्हा तारेवर घातले. पाठीमागून मामाजी म्हणत होते, “बाई, त्यायले जागीच मेले म्हून नको लिवू. जिवंत हाये थे.”

आता माझ्यापुढे पंचाईत. छापील पुस्तक सांगतं मेले. सासरे सांगतात जिवंत आहेत. संपादक विचारतात प्रकरण कुठे आहे! शेवटी मी जर्मनीतल्या एका लहानशा संग्रहालयाला मेल केला. फोटोंच्या परवानगीसाठी त्यांच्याशी आधी पत्रव्यवहार झाला होता. त्या पलटणीतल्या कोणाची पत्रं, डायरी, काही आहे का? मामाजींबद्दल अर्थातच काही लिहिलं नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी एका शिपायाने बहिणीला लिहिलेलं पत्र शोधलं होतं. जुनी जर्मन लिपी मला वाचता येणार नाही म्हणून बिचाऱ्यांनी टाइप करूनही पाठवलं होतं. शिपाई लिहितो – खोली बुजली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आम्हाला खालून ठोकण्याचा आवाज येत होता. चार ठोके, मग शांतता, मग पुन्हा चार. चार जण असावेत असं आम्ही धरलं. लेफ्टनंट म्हणाले, माती बसते आहे. उत्तर द्यायचं नाही असा हुकूम झाला, कारण उत्तर दिलं असतं तर खणावं लागलं असतं, आणि वरून मारा चालूच होता.

मी ते चार वेळा वाचलं. पहिला विचार आला तो, सांगते, आनंदाचा होता... नवा पुरावा सापडल्याचा! दुसरा विचार त्या चौघांचा आला, आणि मी उठून ओसरीत मामाजींकडे गेले.

मामाजींना सगळं मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “उत्तर देल्लं का?”

“नाही.”

“आन थो एक?”

“पत्रात चारच आहेत मामाजी. एकाचं काही नाही.”

“नसनच,” ते म्हणाले. “थो जर्मन नाई. थो पोचन्ना हाये.”

पोचन्ना हे नाव मी लग्नानंतरच्या सोळा वर्षांत या घरात ऐकलं नव्हतं. सिरोंच्याकडचा, म्हणजे तेलंगणाच्या सीमेवरचा माणूस, तेलुगू बोलणारा, मामाजींचा जोडीदार. दोघं मिळून टेकू लावायचे. एका पाळीत छत आलं आणि पोचन्ना पलीकडे राहिला. आत जाऊन ऐकायला मामाजींना पाठवलं, कारण कान त्यांचा. मागे सहा जण फावडी घेऊन उभे.

“मी आयकलं बाई. एक ठोका. मंग चूप. मंग एक. पण वरून खडे गळून राह्यले होते. खडे गळाले का समजाचं, आता बाकीचंबी येते. मी उत्तर देल्लं असतं तं थे साहाबी झन अंदर घुसले असते. कोणी थांबलं नसतं, पोचन्नाचे दोस्त होते सारे.” त्यांनी काठी मांडीवर आडवी धरली होती. “मी वापस आलो आन सांगतलं, काई नाई. आवाज नाई.”

“मग?”

“पाव घंट्यात सारी छत आली. साहाबी जिवंत घरी गेले. मले शाबासकी भेटली. कागदावर लिवलं, जागीच मेला. त्याच्या बायकोले मीच सांगतलं थे, जागीच मेला म्हून, तरास नाई झाला.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. तो ठोका त्यांना याआधी पुन्हा कधीच ऐकू आला नव्हता, म्हणाले, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी ती ओळ वाचली त्या दिवशीच पोचन्ना पहिल्यांदा आला.

“मामाजी,” मी म्हणाले, आणि हे मी म्हणते आहे यावर माझाच विश्वास बसत नव्हता, “मी ती ओळ वाचते. तुम्ही उत्तर द्या.”

मी जर्मनमधून वाचली. ते मान कलती करून बसले. मग काठी उचलली आणि ओसरीच्या फरशीवर एकदाच ठोकली, हळू नाही, चांगली जोरात. आम्ही दोघं थांबलो. मला काहीच ऐकू आलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. मामाजींचा चेहरा मात्र मी बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “थांबला.”

“सगळे?”

“एकटा पोचन्ना. थे चार ठोकूनच राह्यले. त्यायले तुनं द्याचं हाये उत्तर.”

मी ते पान बदललं. ‘अकरांपैकी चौघे दुसऱ्या दिवशीही जिवंत होते, आणि वरच्यांना त्यांचे ठोके ऐकू येत होते.’ खाली पत्राचा संदर्भ दिला. हस्तलिखित पुन्हा उशिरा गेलं. संपादक चिडले, पण पत्र वाचून वाक्य ठेवलं, आणि पुस्तकही माझ्याचकडे राहिलं. उन्हाळ्यात पुस्तक छापून आलं तेव्हा मामाजींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी ते पान काढायला लावलं आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, स्वतः मोठ्याने वाचलं. मग कान दिला. मग म्हणाले, “आता जेवाले वाढ.”

नवऱ्याचं म्हणणं, त्या ओळीला माझा आवाज बदलत असणार आणि म्हाताऱ्याला ते कळत असणार. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून तपासलं. मला तरी फरक सापडला नाही. आणि समजा आवाज बदलतो, तरी ‘चार’ हा आकडा जर्मन पत्रातून घुग्घुसच्या ओसरीत कसा आला? अंदाज, म्हणतो तो. असेल. मामाजी आता दुपारी ढाराढूर झोपतात. आता चैन नसते ती मला. जुन्या पुस्तकात कुठेही ‘जागीच मृत्यू’ दिसलं की मी ते मोठ्याने वाचते, आणि झोपेत त्यांचा हात वर जातो का ते मान वर करून बघते.

परवा त्यांनी विचारलं, “त्या चौघायचं तं पुस्तकात आलं. पोचन्नाचं कुठी लिवशीन?”

“लिहिलं तर त्याच्या घरचे कोणी वाचतील मामाजी. त्यांना कळेल.”

“कळू दे,” ते म्हणाले. “मले इचाराले आले तं मी हावो घरी.”

म्हणून हे लिहिलं. ग्रुपच्या नियमाप्रमाणे बाकी सगळी नावं गाळली आहेत. एक मात्र त्यांच्या सांगण्यावरून ठेवलं आहे. पोचन्ना जागीच मेला नव्हता. तो ठोकत होता, आणि आमच्या मामाजींनी ऐकलं होतं.