गार्डकाकांची बिनफुलांची गॅलरी

फुलं उमलली की लोक कौतुकाला जातात. आमचे गार्डकाका फुलं गळल्यावर जात. सोसायटीत कुणाकडे ऑर्किडची कुंडी आली की ती महिना-दीड महिना टीव्हीच्या डोक्यावर मिरवायची. येणारा-जाणारा ‘अय्या, खरी आहेत?’ म्हणून पाकळी चिमटून बघायचा. काका तिकडे फिरकायचेही नाहीत. शेवटचं फूल पडलं आणि कुंडी जिन्याखाली कचऱ्याच्या बादलीशेजारी आली, की हा सहा फुटी, झुपकेदार मिशांचा, कडक इस्त्रीच्या पायजम्यातला गृहस्थ दारात हजर.

“तब्येत कशी आहे?”

“बरी आहे, काका.”

“तुमची कोण विचारतंय? हिची!”

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या साहेबांना दिवाळीत अशा कुंड्या भेट यायला लागल्या होत्या. साहेब सुकामेवा ठेवून घेत आणि कुंड्या हाताखालच्यांना वाटून टाकत. अशा उतरत उतरत त्या नाशिकरोडला आमच्यापर्यंत पोचत. काका मालगाडीचे निवृत्त गार्ड. इगतपुरीच्या घाटात गाडी अडकून पडली की झाडांच्या फांद्यांवर आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, फुललेली दिसे, तिथून हे वेड लागलं, असं ते सांगत. काकू म्हणत, “वेड आधीचंच. आमरीचं नुसतं निमित्त.”

त्यांच्या पूर्वेच्या, काचा लावलेल्या गॅलरीत औषधालाही फूल नसे. नुसती पानं, कोंब आणि इकडे-तिकडे लोंबणारी मुळं. काका त्यांना बाळंतिणी म्हणत. “एवढी फुलं दिली हिनं, दमलीय. आता निजू दे तिला.” मग उपचार सुरू. ब्लेड गॅसच्या ज्योतीवर तापवून निववायचं. फुलांचा दांडा वाळला असेल तर बुडाशी कापायचा, हिरवा असेल तर गाठीच्या जरा वर. जखमेवर हळदीची चिमूट. कुजलेली मुळं काढून कोळसा आणि नारळाच्या सालीच्या तुकड्यांत झाड पुन्हा बसवायचं. हे चालू असताना काकू स्वयंपाकघरातून रनिंग कॉमेंटरी करत.

“माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा हा माणूस मालगाडीवर! आता बघा, हळद लावतोय! डिंकाचे लाडू करू का हो तिला?”

“नको,” काका अत्यंत गंभीरपणे म्हणत. “तिला खत अगदी पातळ लागतं.”

एकदा आमच्याकडे पिंपळगावचा मामा आला. द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर महिना. त्या महिन्यात द्राक्षवाल्याच्या हातात कात्री नसेल तर त्याला जेवण जात नाही. आमच्या ऑर्किडचे फुलून गेलेले जाडजूड कोंब त्यानं एका दुपारी बुडापासून साफ केले. “छाटल्याबिगर फुटतंय व्हय? बघा आता कसे घोस लागतात!” काकांनी कुंडी पाहिली आणि जिन्यावरच बसले. “मामा, त्या कोंबांत तिची शिदोरी होती हो.” मामाही हाडाचा शेतकरी. त्याचा चेहरा पडला. दोघं डोक्याला डोकं लावून हळद चोपडत बसले. मामा त्यानंतर आला की आधी कुंडीला भेटायचा, मग बहिणीला.

मग शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. काकांची धाकटी, घोटीला भातगिरणीवाल्यांकडे दिलेली. पाण्याच्या टाकीवरून अख्ख्या सोसायटीशी एकटी भांडलेली ही मुलगी. मुलगा झाला, पेढे वाटले, आणि शोभा गप्प झाली. तिची खाट गॅलरीच्या दाराशी टाकली होती. बायका येत, बाळाच्या मुठीत नोट कोंबत, नाक कुणाचं यावर वाद घालत आणि जात. शोभा भिंतीकडे तोंड करून पडलेली. धड जेवेना, बोलेना. काका काही विचारत नसत. दाराच्या अलीकडे स्टूल टाकून मुळं साफ करत बसत. मध्येच पेजेची वाटी तिच्या उशाशी सरकवत.

बारसं झालं आणि घोटीहून विहीणबाई जीप घेऊन आल्या.

“व्याही, भाताचा हंगाम हाय. गिरणीवर एवढी माणसं, त्यांचं जेवण कोण बघणार? सून न्यायला आले. कामाला लागली का हुईल बरी.”

विहिणीपुढे बोलायची पद्धत नाही. काकूंनी डोळे पुसले आणि पिशवी भरायला घेतली. काकांनी तर आजवर विहीणबाईंशी ‘चहा घ्या’पलीकडे शब्द उच्चारला नव्हता. ते उठले आणि शोभाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात नुकतं तापवलेलं ब्लेड होतं, ते खाली ठेवायचं सुचलं नाही. त्यामुळे प्रसंगाला नको तेवढा रंग चढला.

“ती येणार नाही, विहीणबाई.”

“मग कवा धाडता?”

“सांगता येत नाही.”

“हंगाम काय थांबतोय व्हय?”

“हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येईल. ही जन्मली तेव्हा मी गाडीवर होतो. आता मला कुठं जायचं नाहीये. राहू द्या तिला.”

पिशवी भरणाऱ्या काकूंचा हात थांबला. विहीणबाई काकांना बाजूला सारून आत गेल्या, खाटेवर बसल्या, शोभाचं मनगट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

“माझा पोरगा झाला तवा बारसं झाल्या झाल्या मी खळ्यावर हुते,” त्या हळूच म्हणाल्या. “भात पाखडताना लय रडायचे. डोळ्यात कुसळ गेलं म्हणून सांगायचे.” मग बाहेर तोंड करून कडाडल्या, “ऱ्हाऊ द्या तिला! आन् व्याही, ते पातं ठेवा आधी खाली!”

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की मला विहीणबाई एकट्या परत गेल्या त्या वर्षीच्या थंडीतली एक सकाळ आठवते. आम्ही चहा पीत होतो आणि जिना दणाणून टाकणारा आवाज आला.

“बाबा! किती वेळा सांगितलं, बाळाच्या दुपट्यावर तुमची ती घाणेरडी मुळं वाळत घालू नका! अक्कल आहे का काही?”

आम्ही सगळे दारात. काका जिन्यात आले. कोपरापर्यंत कोळसा, मिशी या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेली.

“ऐकलंत?” ते एकेकाकडे बघत विचारू लागले. “ऐकलंत ना सगळ्यांनी?”

“आणि दार लावा ते! गार वारा येतोय!” आतून दुसरी फैर.

काकांनी लगबगीनं दार लावून घेतलं. “आता घोटीला फोन करायला हवा,” ते म्हणाले, आणि त्याच हातांनी डोळे पुसून कपाळापर्यंत काळे झाले.