चार बोटांची उंची

"आधी बसू दे रे तिला, मग मोज."

एवढं म्हणून काका गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि टायर आणि वरचा पत्रा यांच्या फटीत उजव्या हाताची चार बोटं आडवी सरकवायचे. डोळे मिटलेले. मग मान हलायची, होय किंवा नाही.

मी तेव्हा पुण्याहून डिप्लोमा घेऊन ओमानमधल्या सोहारच्या त्या गॅरेजात नवा आलो होतो. खिशात मोजपट्टी आणि डोक्यात मस्ती. काका गुहागरकडचे, शिकलेले सातवी. पण गाडीचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर सगळं ओझं पेलणाऱ्या त्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, हे त्यांचं राज्य. तिथे माझा डिप्लोमा चालत नसे.

रिकामी गाडी मोजायची नाही, हा त्यांचा नियम. टाकी भरा, रोजची माणसं आत बसवा, गाडी एक फेरी मारून आणा, मग बघू. एकदा मस्कतहून एक मराठी जोडपं जुनी जीप मागच्या बाजूने उंच करून घ्यायला आलं. काकांनी नवऱ्याला सरळ विचारलं, "मागे कोण बसतं? सासूबाई?"

वहिनी भडकल्या. "माझ्या आईचं वजन तुम्हाला कशाला हवंय?"

"वहिनी, पाट्याला लाज नसते हो. त्याला खरं तेच सांगावं लागतं."

पुढच्या शुक्रवारी सासूबाई स्वतः आल्या, मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या आणि काकांशी गुहागरच्या गजाली करत राहिल्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो फटकळ बोलतो आणि तरी माणसं त्याच्याकडेच परत येतात.

काकांचे गुडघे गेले आणि त्यांनी कायमचं घरी जायचं ठरवलं. आमचा ओमानी मालक, अर्बाब, वयाने त्यांच्याच बरोबरीचा. त्यानेच तरुणपणी त्यांना इथे आणलेलं. त्याने विचारलं, "बोलो, क्या मंगता?"

आम्हाला वाटलं, काका टीव्ही मागतील. काका म्हणाले, "अर्बाब, जिस गाडी में लाया, उसी में छोडो."

ती गाडी म्हणजे लांब नाकाची, दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी. पहिल्या दिवशी विमानतळावरून तिच्याच मागच्या सीटवर बसून काका आले होते. त्या वेळी ती मागून अशी उचललेली असायची, की उभी असतानाही धावायला निघालीय असं वाटायचं. आता रुस्ताकला अर्बाबच्या खजुराच्या बागेत एका शेडखाली पडून होती. इंजिन चालू होत होतं, पण मागचा भाग पार टायरवर टेकला होता. चार बोटं सोडा, करंगळी जाईना.

मी म्हटलं, "काका, बाजारात तयार लोखंडी तुकडे मिळतात. पाट्याच्या टोकाला लावले की तासाभरात मागून वर."

"टाचा उंच केल्या म्हणून कणा सरळ होतो का रे, शहाण्या?"

विमान शनिवारी दुपारचं होतं. हातात आठ दिवस. गाडी गॅरेजात आणून काकांनी पाटे सुटे केले आणि एकेक पट्टी ऐरणीवर धरून थंडच ठोकायला घेतली. भट्टीत घातली की पोलाद नरमतं, म्हणून थंड. बोटभर पुढे सरकवायची, घाव घालायचा. पाच दिवस गॅरेजात तेवढाच आवाज. जुन्या पट्ट्यांना बाक परत आला, खाली काकांनी एक जादा पट्टी घातली, आणि गुरुवारी पाटे गाडीला चढवायला घेतले.

मधेच काकांना व्हिसा रद्द करायच्या कागदांसाठी जावं लागलं. जाताना बजावून गेले, "बोल्ट नुसते घालून ठेव. आवळायचे मी आल्यावर."

मी अतिशहाणा. गाडी लिफ्टवर होती, चाकं हवेत लोंबत होती. म्हटलं, म्हाताऱ्याचा वेळ वाचवू, आणि सगळे बोल्ट करकचून आवळले. गाडी खाली घेतली तर काय सांगू, अशी झोकात उभी! अर्बाबने टाळ्या वाजवल्या.

काका आले. डिकीवर तळहाताने दाबलं, सोडलं. चेहरा पडला.

"हवेत आवळलेस?"

"हो."

"ही पाट्यावर उभी नाही. रबरावर उभी आहे."

मग मला कळलं. पाट्याच्या टोकांना रबराचे तुकडे असतात. चाकं लोंबती असताना आवळलं, की गाडी खाली आल्यावर ते रबर पीळ खाऊन तिला उगाच वर धरतं. आठ दिवसांनी रबर फाटतं आणि उंची जाते. तोवर काका घरी पोचलेले असते आणि कोणी त्यांना नावं ठेवली नसती. मी तसं म्हणालोही.

"म्हणूनच," काका म्हणाले, "सोड सगळं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी खोलीवरच्या मंडळींनी निरोपाचं जेवण ठेवलं होतं, सुरमई तळून वाट बघत बसले होते. काका गेले नाहीत. आम्ही दोघं सगळं सैल करत बसलो. मग काकांनी टाकी भरली, आपल्या दोन्ही बॅगा डिकीत ठेवल्या, अर्बाबला पुढे बसवलं, गाडी मी चालवणार म्हणून माझ्या जागी खजुराची दोन पोती, आणि स्वतः मागे जाऊन बसले. आतूनच ओरडले, "आज तुझी बोटं घाल."

मी हात सरकवला. बरोबर चार.

"आता गाडीखालच्या खड्ड्यात उतर आणि आवळ."

शनिवारी गाडी ताठ गेली. सोहार ते मस्कत, लोक शेजारून हॉर्न देत होते. काका मागच्या खिडकीतून राजासारखे बघत होते.

विमानतळावर मी बॅगा काढल्या. काका उतरले. उतरताच गाडीचा मागचा भाग हळूच वर आला, आणि काका आमच्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिले. मग अर्बाबचा हात धरला, माझ्या पाठीवर थाप मारली. "यल्ला, चला." वळून पाहिलं नाही. मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही.

काका नसले की गाडी मागून जरा जास्तच उंच दिसते. महिन्याने मी अर्बाबला म्हटलं, ती जादा पट्टी काढतो, सारखी करून देतो.

अर्बाबने मान हलवली. "नहीं. वो उसका जगह है."

दर गुरुवारी तो गाडी घेऊन गॅरेजात येतो. मी उकिडवा बसतो, डोळे मिटून हात सरकवतो. चार बोटं जातात, आणि वर एका बोटाची जागा उरते.