बाई कुठल्या पानावर आहेत

मी सगळ्यात जास्त कुणाचा, असे विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी सिंधूबाई साळवे यांचे नाव घेईन, आणि माझ्या आईला त्याचे वाईट वाटणार नाही. बाई भोकरदनच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या. पुस्तक परत करायला गेले की 'आवडले का' असे त्यांनी कधी विचारले नाही. चष्म्यावरून बघत त्या म्हणत, "कुठं थांबलास?"

थांबलो ते पान सांगायचे. प्रत्येक पुस्तकाच्या मागे त्यांनी रेघा मारलेली एक चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर त्या वाचकाचे नाव आणि थांबल्याचे पान पेन्सिलीने लिहीत. अर्ध्यात सोडले म्हणून कधी बोलल्या नाहीत. शेवटपर्यंत गेलेल्याच्या नावापुढे 'पूर्ण' लिहीत. माणूस कुठे थांबतो ते कळले की त्याला पुढे काय द्यायचे ते कळते, असे त्यांचे म्हणणे होते.

माझे वडील धान्याच्या बाजारात, मोंढ्यात, हमाली करत आणि आई रोजाने जाई. आमच्या घरात कॅलेंडर सोडले तर छापील असे काही नव्हते. आठवीत असताना बाईंनी मला एक जाड पुस्तक दिले. निजामाच्या काळात गावोगाव जमिनी मोजत फिरलेल्या एका मोजणीदाराच्या आठवणी होत्या त्या. बाईंवर छाप पाडायची म्हणून मी ते तिसऱ्याच दिवशी परत नेले आणि सगळे वाचले म्हणून सांगितले. त्यांनी चिठ्ठीवर माझे नाव लिहिले, पुढे 'पूर्ण' लिहिले. मग पुस्तक उघडून माझ्यासमोर धरले. एक्क्याऐंशी ते शहाण्णव ही पाने छापखान्यात कापायची राहून गेली होती. कडेला ती अजून जोडलेलीच होती.

"हे कसं वाचलं रे? उन्हात धरून?"

त्यांनी टेबलावरची स्टीलची फुटपट्टी घेतली, ती पाने एकेक करून सोडवली आणि पुस्तक पुन्हा माझ्या हातात दिले. 'पूर्ण' मात्र खोडले नाही. म्हणाल्या, "लिहिलंय मी. आता खरं कर." ते पुस्तक मला महिनाभर पुरले. पुढे जालन्याच्या कॉलेजचा अर्ज बाईंनीच माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, एसटीच्या पाससाठी सही आणायला माझ्याबरोबर आल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्या दिवशी निकालाचा कागद मी आधी वाचनालयात नेला.

नोकरी मला पुण्यात, मराठी ई-पुस्तके विकणाऱ्या एका कंपनीत लागली. त्या काळात या बाजारात तीन कंपन्यांची झुंज चालली होती. एकीचे स्वतःचे वाचनयंत्र होते, दुसरी फोन घेतला की त्यात आयतीच येई, आणि तिसरी आमची. किमती पाडता पाडता पुस्तक चहापेक्षा स्वस्त झाले होते. किमतीने कुणी हरेना, म्हणून मग पुस्तके अडवायची टूम निघाली. आपल्याकडे आलेले पुस्तक इतर दोघींकडे मिळता कामा नये. प्रकाशकांकडून, लेखकांच्या वारसांकडून असे करार करून आणणे हे माझे काम. मी ते चांगले करत असे.

बाईंना हे मी फोनवर समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग ज्याच्याकडं तुमची कंपनी न्हाई, त्यानं ते पुस्तक वाचायचंच न्हाई? आमच्या कपाटात तर सगळे प्रकाशक एकमेकाला खेटून बसतेत. कुणी कुणाला उठ म्हणत न्हाई." मी हसून विषय बदलला.

मोजणीदाराच्या आठवणींचे हक्क मीच मिळवले. लेखकाच्या नातवाने सही केली, पण त्याच्याकडे प्रत नव्हती. प्रकाशन बंद पडले होते. मला माहीत असलेली एकच प्रत होती, वाचनालयातली. बाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिली. आठ दिवसांत परत आणतो, असे मी म्हणालो. स्कॅनिंग करणाऱ्यांनी लवकर व्हावे म्हणून पुस्तकाची पाठ यंत्रावर कापली, सुटी पाने स्कॅन केली आणि गठ्ठा रद्दीत टाकला. मी विचारायला गेलो तेव्हा तिथे रिकामा ट्रे होता. मागची चिठ्ठीही त्यातच गेली.

बाईंनी तीनदा विचारले, पुस्तक आले का. तिन्ही वेळा मी सांगितले, यायचंय अजून. चौथ्यांदा त्यांनी विचारले नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि बारीक अक्षर दिसेना, तेव्हा मी त्यांना आमच्या कंपनीची पुस्तके चालतील असे एक वाचनयंत्र नेऊन दिले. बाई त्याला पाटी म्हणत. यंत्राला आपला फोन नंबर द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून मी ते माझ्याच खात्यावर चालू केले. अक्षर मोठे करता करता एका वेळी सातच ओळी दिसू लागल्या तेव्हा त्या खूश झाल्या. त्यात मोजणीदाराचे पुस्तक होते. मूळ छापील पानांचे आकडेही तसेच होते. बाई बोटाने पाने सरकवत शेवटापर्यंत गेल्या.

"मागची चिठ्ठी कुठंय?"

यात चिठ्ठी नसते, असे मी म्हणालो. त्या बोटाने सरकवत पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

खाते एकच असल्याने एक गोष्ट झाली. सकाळी मी फोनवर ते पुस्तक उघडले की आधी सूचना येई, 'दुसऱ्या उपकरणावर तुम्ही पान ४२ वर आहात. तिथे जायचे का?' मी 'नाही' दाबायचो. दुसऱ्या दिवशी ५०, मग ५९. बाई पहाटे उठून चहाबरोबर वाचतात हे मला माहीत होते. पान पुढे सरकले म्हणजे बाई बऱ्या आहेत. हळूहळू मी त्यांना फोन करायचा थांबलो. कशाला करायचा, सकाळीच तर भेट झाली, असे मला खरोखर वाटे.

१४७ वर पान चार दिवस अडले. मग पुन्हा चालू लागले, पण दिवसाला एक, फार तर दोन. बाईंचे डोळे आणखी बिघडले असतील असे मी धरून चाललो. आमच्या कंपनीत तेव्हा वेगळाच गोंधळ होता. झुंजीत आम्ही हरलो होतो. त्या दोघींपैकी मोठीने आम्हाला विकत घेतले आणि आमचे दुकान महिनाअखेर बंद होईल असे जाहीर झाले. ज्या पुस्तकांचे करार फक्त आमच्याशी होते, ती नव्या मालकाकडे जाणार नव्हती. लोकांच्या यंत्रांवरूनही ती पुसली जाणार होती. यादीत मोजणीदाराच्या आठवणी होत्या. करारावर माझी सही होती.

बारा दिवस उरले होते. पान २०३ वर होते, पुस्तक २६४ पानांचे. बाईंना घाई करायला सांगावे म्हणून मी फोन लावला. उचलला त्यांच्या यजमानांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात. एसटीत चालक होते, तिकिटाखेरीज काही वाचत नाहीत असे बाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या.

"बाई गेल्या, संजू. सव्वा महिना झाला."

मी म्हणालो, "पण पान तर रोज सरकतंय."

"ते मी वाचून राह्यलो." दादा म्हणाले. "दवाखान्यात त्या म्हणाल्या, मी एकशे सत्तेचाळीसवर आल्ते, पुढं वाचून दाखवा. सात पानं वाचून झाली अन् गेल्या. मंग बंद करू वाटंना. घरात मोठ्यानं वाचतो दोन पानं." आणि मग म्हणाले, "तुला कळलं असंल असंच वाटलं मला. बाई सांगायच्या, संजूला तिकडं आपलं पान दिसतं."

त्यानंतर मी दादांना दुकान बंद होणार असल्याचे सांगितले, जरा जल्दी वाचा म्हणालो. ते बिलकुल तयार होईनात. इतकी वर्षे घाटात गाडी चालवली, ती कधी दामटली नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाण्याआधी मी दोनशेचारापासून पुढचे पुस्तक वहीत उतरवायला बसलो. मोठ्या अक्षरात, पानावर सात ओळी. वह्यांवर वह्या भरल्या. हे करारात बसत नव्हते. रोज सूचना येत होती, 'तुम्ही पान २०८ वर आहात.' 'तुम्ही पान २१५ वर आहात.' शेवटच्या सकाळी २२१ आले. त्यानंतर पडदा पांढरा झाला.

सगळ्या वह्या मी पार्सलने भोकरदनला पाठवल्या. पार्सलवर नाव बाईंचेच घातले. आत हे पत्र ठेवले.

*ती. सिंधूबाई,*

*सविनय जय भीम.*

*पाटीवरचे पुस्तक गेले. दादा दोनशेएकवीसवर थांबले आहेत. पुढचे या वह्यांत आहे. अक्षर दादांना दिसेल एवढे काढले आहे. कुठे अडले तर त्यांनी मला फोन करावा. मी आता पान बघून राहणार नाही, रोज फोन करणार आहे.*

*तुम्ही गेल्यावर मी अडतीस दिवस तुम्ही बऱ्या आहात असे समजत होतो.*

*वाचनालयाचे पुस्तक यायचे नाही. ते मी कापायला दिले आणि ते रद्दीत गेले. मला हे पहिल्या आठवड्यातच माहीत होते. तुम्ही तीनदा विचारलेत आणि मी तीनदा खोटे बोललो. त्याच पुस्तकाबद्दलचे हे माझे दुसरे खोटे.*

*शेवटच्या वहीच्या मागे रेघा मारून चिठ्ठी चिकटवली आहे. पहिल्या ओळीवर तुमचे नाव आणि एकशे सत्तेचाळीस लिहिले होते. मग दादांनी वाचून दाखवलेली सात पाने आठवली, म्हणून खोडून एकशे चोपन्न केले. दुसरी ओळ दादांची. माझे नाव लिहिलेले नाही.*

*चौथ्यांदा तुम्ही विचारले नाहीत, म्हणजे तुम्हाला कळले होते.*

*आपला,*
*संजय*