बाबांचे कान आणि रोह्याची पोपटी

डिसेंबर लागला की मी घरात कुणाच्या हाती लागत नसे. जुना टूथब्रश, बाबांचा मोडका कंगवा, शाईच्या दोन बाटल्या आणि जाड कागद घेऊन मागच्या पडवीत ठाण मांडायची. कागदावर एखादं पान ठेवायचं, ब्रश शाईत बुडवून कंगव्यावर घासायचा. बारीक तुषार उडतात, मग पान उचललं की त्याचा पांढरा आकार मागे उरतो. झालं ग्रीटिंग! नव्वदीच्या त्या वर्षांत पेणमधल्या आम्हा कॉलेजच्या मुलींना याचं भारी वेड होतं. विकतचं ग्रीटिंग देणारी मुलगी आमच्या लेखी आळशी. माझी निळी नखं बघून आई म्हणायची, "ह्या हातांनी थापल्यास तर निळ्या भाकऱ्या खायला लागतील आम्हाला." मी म्हणायची, "मग थापतच नाही." एवढी मी गुणाची.

मी अकरावीत होते त्या वर्षी मात्र माझ्या नाताळच्या सुट्टीचं पार वाटोळं झालं, कारण बाबांना ऐकू येईनासं झालं होतं.

आज हे मी एका वाक्यात लिहून टाकलं, पण तेव्हा आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. बाबा पेणच्या एका पोह्यांच्या गिरणीत भट्टीवर होते. भिजवलेलं भात तापल्या वाळूत पडलं की आधी नुसतं सळसळतं, मग तडतडायला लागतं, आणि त्या तडतडीत एक क्षण असा येतो की तेव्हाच ते बाहेर काढायचं. आधी काढलं तर पोह्याचा चुरा होतो, उशीर झाला तर पोहा लाल पडतो. तो क्षण बाबा कानाने पकडत. वीसेक वर्षं त्यांनी तेच केलं होतं आणि गिरणीचा मालक त्यांच्यावर भट्टी सोडून खुशाल गावाला जाई. पण दोन पावसाळ्यांमागे त्यांचा उजवा कान गेला आणि मग डावाही हळूहळू उतरत चालला. आता ते धुरावर, वासावर आणि शेजारच्या गड्याच्या हातांकडे बघून कसंबसं भागवत होते. मालकाला कळलं तर भट्टीवरून उचलणार, हे नक्की होतं. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार?

म्हणून हे फक्त आम्हा तिघांत होतं, आई, बाबा आणि मी. ताईलाही सांगितलं नव्हतं. ती त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन रोह्याला गेली होती, आणि तिच्या सासऱ्यांचा भाताचा व्यापार होता. त्यांचा टेम्पो भात घेऊन बाबांच्याच गिरणीत यायचा. ताईला सांगायचं म्हणजे सासरी कळायचं, आणि सासरी कळलं म्हणजे मालकाला कळलंच.

आईने यावर एक युक्ती काढली होती. घरी कुणी आलं की ती बाबांच्या बरोबर समोर बसायची आणि पाहुण्याचा प्रश्न स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणायची. "यंदा वाल कसा आलाय, असं विचारतायत ना तुम्ही?" बाबा तिचे ओठ बघून उत्तर द्यायचे. पाहुण्याला वाटे, बाईला बोलायची फार हौस. आणि आई समोर नसली की बाबा सरळ हसून मान हलवायचे, "व्हय व्हय, बरोबर हाय तुमचं." लोकांना असा माणूस आवडतोच.

त्या डिसेंबरात आईला थंडीताप भरला आणि तिची जागा माझ्यावर आली. बाजारात मी, दळणाला मी, ओटीवर कुणी आलं की हातातला ब्रश टाकून पुन्हा मी. माझी नुसती चिडचिड व्हायची. मी प्रश्न पुन्हा म्हणायची, पण असा काही चेहरा करून की बाबा उत्तर द्यायच्या आधी माझीच समजूत काढल्यासारखं हसायचे. त्या हसण्याचा तर मला जास्तच राग यायचा.

अशात रोह्याहून निरोप आला, की एकतीस तारखेला शेतावर पोपटी लावतोय, व्याह्यांनी यायलाच पाहिजे.

आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी होतेच. मडक्याला आतून भांबुर्डीच्या रानझुडपाचा पाला लावायचा, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, पानात गुंडाळलेली कोंबडी असं सगळं मीठ लावून भरायचं. तोंडाला पुन्हा पाला ठासून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही; सगळं आतल्या वाफेवर शिजतं. आत बघायची सोय नसते आणि एकदा मडकं उचललं की वाफ गेली, मग पुन्हा लावून उपयोग नाही. म्हणून 'उचला' कोण म्हणतो याला फार मान. आमच्या आळीत तो मान बाबांचा. ते मडक्याच्या बुडावर पाण्याचा शिपका मारायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. आधी पाणी ओलं चुरचुरतं, शिजत आलं की कोरडं, तुटक 'चट्' करतं. त्यांचं कधी चुकलं नव्हतं, आणि ही कीर्ती रोह्यापर्यंत गेली होती.

वर ताईच्या सासरची रीत अशी, की नव्या सुनेच्या पहिल्या थंडीत पोपटीचं मडकं तिनेच भरायचं. म्हणजे भरणार ताई आणि उचलायला सांगणार बाबा. सगळा गोतावळा बघायला येणार होता.

माझा त्या संध्याकाळचा बेत वेगळाच होता. मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही सगळ्या जमणार होतो, ग्रीटिंगं वाटणार होतो, केक आणणार होतो. महिनाभर मी त्यासाठीच नखं निळी केली होती. मी बाबांना साफ सांगितलं, "तुम्ही एकटे जा. नाहीतर आजारी आहे म्हणून सांगा."

बाबा म्हणाले, "ताईचा पहिला मान हाय गो. आणि तू नाय आलीस तर माझं काय खरं नाय."

मी गेले. कशी गेले ते मलाच ठाऊक. गाडीत कासू स्टेशन जाईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, आणि नंतर जे काही बोलले ते मुद्दाम खिडकीकडे तोंड करून, त्यांना ओठ दिसू नयेत म्हणून. असलं काही करताना आपण किती वाईट आहोत हे माणसाला कळत असतं. मला कळत होतं आणि तरी मी केलं.

उतरायच्या आधी बाबांनीच खूण ठरवली. मडक्याजवळ ते वाकतील, पाणी मारतील, ऐकल्यासारखं करतील. खरं ऐकायचं मी. 'चट्' आवाज आला की मी वेणी पाठीवरून पुढे घ्यायची.

शेत नदीच्या पलीकडे होतं. भात कापून गेलेल्या जमिनीत वाल हिरवागार उभा होता. ताईने पदर खोचून मडकं भरायला घेतलं आणि तिची सासू कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहिली. ताई पाला इतका ठासत होती की तिच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. मला बघून ती एकदाच हसली आणि हळूच म्हणाली, "बाबा आहेत म्हणून धीर आहे बघ."

जाळ पेटला, बऱ्याच वेळाने बसला, निखारे राहिले. बाबा उठले. तसे सगळे गप्प झाले, पोरंटोरंसुद्धा. बाबांनी शिपका मारला, कान खाली नेला. मला ऐकू आलं ते ओलं चुरचुरणं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तशीच उभी राहिले. थोडं थांबून त्यांनी पुन्हा पाणी मारलं. पुन्हा ओलंच. अजून दहा-पंधरा मिनिटं तरी लागणार होती.

आणि मी उन्हाकडे बघितलं. आता उचललं, भराभर खाल्लं, तर आधीची गाडी मिळत होती. गच्चीवर वेळेत पोचता येणार होतं. तिसऱ्या शिपक्याला आवाज मघापेक्षा जरा कोरडा वाटला, की मीच तसं वाटून घेतलं, देव जाणे. 'झालंच असेल की,' असं मनाशी म्हणत मी वेणी पुढे घेतली.

बाबांनी क्षणभर माझ्याकडे नीट पाहिलं. मी मान वळवली नाही. मग ते ताठ उभे राहिले आणि ऐटीत म्हणाले, "उचला!"

मडकं उलटं केलं, पाला ओढला. वाफ आली ती अर्धीकच्ची, हिरवट वासाची. शेंगा टणक, बटाटे दगड, कोंबडीचं पान उघडलं तर आत लाल. कुणीतरी पाठीमागे फिस्सकन हसलं. अंडं फोडलं तर पांढरं पातळच राहिलेलं, ते ताईच्या हातावर ओघळलं.

सासूबाई ताईवर फिरल्या. "पाला सैल भरलास गो! वाफ सगळी बाहेर गेली. एवढं साधं काम, ते पण धड नाय? आईनं शिकवलं काय तुला? पेणच्या पोरी म्हणजे नुसत्या नटायला पुढं!" ताईने बाबांकडे बघितलं. साहजिकच होतं, पाला कसा भरला होता हे बाबांनी स्वतः बघितलं होतं.

बाबा निखारे बाजूला सारत होते. त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काय हो व्याही, खोटं बोलते काय मी? हिला वळण नाय, व्हय की नाय?"

बाबांनी सवयीने आधी मला शोधलं. मी शरमेने मान खाली घातली होती, माझं तोंड त्यांना दिसलं नाही. मग त्यांनी नेहमीचं केलं. छान हसले, मान हलवली आणि म्हणाले, "व्हय व्हय. बरोबर हाय तुमचं."

ताईचा चेहरा मी अजून विसरले नाही. कुणी थोबाडीत मारली असती तरी तो असा झाला नसता. तिने ओठ घट्ट मिटले, हातावरचं अंडं पदराला पुसलं आणि ती वालाच्या वाफ्याकडे बघत उभी राहिली. लग्नात निघतानासुद्धा ती इतकी परकी दिसली नव्हती.

मी ओरडलेच. "पाला घट्ट होता! मी चुकवलं! बाबांना ऐकू येत नाही, त्यांना काहीच ऐकू येत नाही, मी खूण करणार होते आणि मी मुद्दाम लवकर केली!"

सासरे बाबांकडे बघत राहिले, मग त्यांनी डोळे वळवले, आणि तेव्हाच मला कळलं की भट्टी गेली. तसंच झालं. ताईचे सासरे काही दुष्ट नव्हते, पण भाताच्या व्यापारात बोलता बोलता गोष्टी निघतात. संक्रांतीच्या आत बाबांना भट्टीवरून काढून गोण्या शिवायला बसवलं. ते तिथेच म्हातारे झाले. त्यावरून ते मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वेळा वाटलं आहे.

पण ते नंतरचं. त्या वेळी शेतात बाबांच्या तोंडावर अजून ते मघाचं हसू होतं. सगळ्यांचे चेहरे बघून ते हळूहळू उतरलं. त्यांनी मला विचारलं, "काय झालं गो? काय बोललीस तू?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "सांगितलं मी सगळ्यांना. ऐकू येत नाही ते."

बाबा खाली बसले. मला वाटलं आता गिरणीचं विचारतील, मालकाचं विचारतील. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मग मघाशी मी कशाला व्हय म्हटलं?"

मी खाली बघितलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, त्याही खाली बघायला लागल्या.

ताई आली. बाबांच्या पुढ्यात उकिडवी बसली, त्यांचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर येईल अशी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय का, असं विचारत होत्या, बाबा."

बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर होतं गो," ते म्हणाले. "मीठ अगदी बरोबर होतं."