अक्काची विंग

"मामा, आई गेली," एवढंच स्मिता फोनवर म्हणाली. माझी थोरली बहीण, सुमनअक्का, भिसेगावात या लेकीकडेच राहायची. तिला जाऊन आता महिना होत आला...

कशेळ्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला नाटक व्हायचं. बाबा पडदा ओढायचे आणि लहानगी अक्का त्यांच्या बाजूला उभी राहून सगळं नाटक कडेनं बघायची. त्या जागेला सगळे विंग म्हणत. पुढे शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी विचारलं, "विंग म्हणजे काय?" एरवी गप्प असणाऱ्या अक्कानं हात वर केला. "जिथनं राजा स्टेजवर येतो ती जागा." वर्ग हसत सुटला. मास्तर म्हणाले, "विंग म्हणजे पंख. तास संपेपर्यंत उभी राहा."

त्याच वर्षी तिनं शाळा सोडली. घरी शेतातल्या कामाचं निमित्त सांगितलं. पुढं स्मितानं बी विंगमध्ये घर घेतलं, तर अक्का रिक्षावाल्याला "मागली इमारत" म्हणायची. तो शब्द काही तिच्या तोंडून निघायचा नाही. स्मितानं एकदा खोदून विचारलं, तेव्हा साठी उलटलेल्या अक्कानं भिंतीकडे बघत हे सगळं सांगितलं. मीही तेव्हाच ऐकलं. स्मितानं मोबाइलवर शब्दकोश उघडला. पक्ष्याचा पंख, इमारतीचा भाग, रंगमंचाच्या कडेची जागा...

"आई, तुझं बरोबर होतं."

अक्का कानापर्यंत लाल झाली. जणू तिला पुन्हा वर्गात उभं केलं होतं. मग हळूच मला म्हणाली, "मास्तर हायेत का रं अजून?"

मास्तर भिवपुरीला होते. थकलेले, एकटेच. जीपमध्ये अक्का सारखं मनात काहीतरी जुळवत होती. जुनी विद्यार्थिनी आलेली बघून मास्तरांना भरून आलं. "काय शिकवलं होतं गं मी तुला?"

अक्कानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "विंग म्हंजे पंख." आणि वाकून पाया पडली.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "सांगितलं का नाहीस?"

"त्यान्ला लाज वाटली असती रं. ती कशी असते, मला ठावं हाय."

त्यानंतर ती अधूनमधून तांदळाच्या भाकऱ्या बांधून त्यांच्याकडे जायची. परवा मास्तरांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. ती मुलगी हल्ली का येत नाही, असं मास्तर विचारतायत म्हणे... मला खरं बोलवेना. रविवारी भाकऱ्या घेऊन येतो, एवढंच सांगितलं.