गाजर गवताला पाणी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भर उन्हाळ्यात, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत मी गाजर गवताला पाणी घातलं. बोरीच्या शाळेत मी शिकवायचे, त्यामुळे लोकांना जास्तच मजा वाटली.

कारण होते आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, हात. घरामागं कमरेइतकं गाजर गवत माजायचं. ते उपटून उपटून आत्याबाईंच्या हातांवर चट्टे उठले, बांगड्यांखाली तर कातडं सोलून निघायचं. शेवटी त्यांनी बांगड्या उतरवल्या. मोकळ्या हातांनी हळदीकुंकवाला कसं जायचं, म्हणून त्या घरातच बसू लागल्या. मला ते बघवेना.

परभणीला शेतकीचं शिकणाऱ्या माझ्या भावानं पावसाळा सरता सरता डबाभर भुंगे आणले. पांढुरके, पाठीवर काळसर रेघा. याच गवतावर जगतात म्हणाला. त्यांनी जरा कुठं तोंड लावलं, तोच थंडी पडली आणि ते मातीत जाऊन झोपले. उठणार होते मृगाला.

उठले चैत्रात. अवकाळी पावसानं दोन दिवस झोडपलं आणि भुंगे हजर.

"आमच्या वक्ताला पाऊस मृगातच यायचा," मामंजी म्हणाले. "आता आभाळालाच पंचांग कळंना, किड्याला काय कळंल?"

गवत वाळून काड्या झालेलं. मोरीच्या कडेला चार झाडं तेवढी हिरवी, त्यांनीही माना टाकलेल्या. भुंगे उपाशी मेले की पुन्हा तेच चट्टे. मी तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिथं ओतू लागले.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाई, काय करायलाव? आता खुरपणार बी का त्याला?"

"शेणखत द्या, तेही घालते," मी म्हटलं.

आत्याबाई मात्र भडकल्या. "ज्यानं माझे हात खाल्ले, त्यालाच पाणी पाजायलीस?" दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी शाळेतून यायला उशीर झाला. धावत मागं गेले, तर माती ओली आणि आत्याबाई रिकामा तांब्या घेऊन उभ्या.

"उपाशी मेले असते की बिचारे किडे," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात भुंग्यांनी गवताची पार चाळण केली. दिवाळीपर्यंत चट्टे गेले. कासारीण दारात आली तेव्हा आत्याबाईंनी दोन्ही हात पुढं केले आणि कोपराकडं जातील इतक्या हिरव्या बांगड्या भरल्या. मला रडू आलं. त्या तडक मागं गेल्या आणि कुंपणावरून शेजारणीपुढं हात धरले.

"बघ," म्हणाल्या, "आमच्या सुनेनं पाणी घातलेलं पीक."