काकांनी काकूंना सोडलं

ग्लायडिंग क्लबात विंचवाल्या काकांना सगळे नुसतं काका म्हणतात. धावपट्टीच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला काकांचं विंच: जुन्या ट्रकचं इंजिन, भलंमोठं रीळ आणि किलोमीटरभर पोलादी दोर. काकांनी दोर गुंडाळायला घेतला की ते बिनइंजिनाचं विमान पतंगासारखं वर चढतं. बावीस वर्षं हा माणूस लोकांना वर पाठवतोय. समोर डॉक्टर असो की माळी, सगळ्यांना सारखाच जोर. असा माणूस मिळायला नशीब लागतं हो.

फक्त बायकोच्या बाबतीत काका घसरले.

काकू ऑपरेशन थिएटरातल्या नर्स. सुट्टीच्या दिवशी काकांचा डबा घेऊन यायच्या. एकदा सीट रिकामी होती म्हणून प्रशिक्षकांनी त्यांना वर नेलं, आणि खाली उतरल्या त्या शिकायचं ठरवूनच. वय बावन्न! काकांना कोण अभिमान. पण काकू निघाल्या की काका लिव्हर असं अलगद ढकलायचे, की विंचचं इंजिन गुरगुरायचं सोडून गुणगुणायला लागायचं. हँगरमध्ये पाठ करून बसलेला मेकॅनिकसुद्धा आवाजावरून सांगायचा, काकू चालल्या म्हणून.

शुक्रवारी सकाळी प्रशिक्षक विंचपाशी आले. काकूंना एकटीनं उडायची परवानगी द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं. "त्यांना उडवता येतं, का तुम्हाला त्यांना उडवता येतं, तेच मला कळेना झालंय," ते म्हणाले.

परवानगीआधी सगळ्यांचीच एक परीक्षा असते. शंभर मीटर उंचीवर, शिकणाऱ्याला न सांगता, विंच बंद करायचं. दोर तुटला तर काय करशील, तेवढंच बघायचं. ताबडतोब नाक खाली घातलं नाही तर विमानाचा वेग जातो, आणि मग मागे बसलेल्या प्रशिक्षकालाच हात घालावा लागतो. प्रशिक्षकांनी आतून दोर सोडला तर हात हललेला कळतो, म्हणून हे काम काकांचं. सोमवारपासून धावपट्टी चार महिने दुरुस्तीला बंद. तोवर झालं तर झालं, नाहीतर काकूंचं घोडं पुढच्या हंगामापर्यंत अडलं.

काकांनी शेकड्यांनी लोकांची ही परीक्षा घेतली होती, पापणी न हलवता. पण शुक्रवारी काकू शंभरावर पोचल्या तरी काकांचा हात लिव्हरवर तसाच राहिला. वारा आडवा होता, म्हणाले. शनिवारी म्हणे इंजिन तापलं होतं. धादांत खोटं! जेवताना मान वर केली नाही. तीस वर्षं पेशंटचे चेहरे वाचणाऱ्या बाईपासून लपवणार काय, कपाळ? पण काकूंनी एका शब्दानं विचारलं नाही, नुसती भाजी वाढली.

रविवारी दुपारी पलीकडे ग्लायडर तयार असल्याचा दिवा लुकलुकला. काकांनी सगळ्यांना देतात तेवढाच जोर दिला. ग्लायडर चढायला लागलं. साठ मीटर, ऐंशी. शंभरावर त्यांनी डोळे उघडे ठेवून लिव्हर मागे ओढला.

सगळं गप्प झालं. क्षणभर नाक वरच होतं. मग ते झुकलं, दोर सुटून खाली पडला, आणि ग्लायडर सरळ पुढे येऊन विंचपासून दोनशे पावलांवर गवताला टेकलं. प्रशिक्षकांनी दोन्ही हात वर करून दाखवले, मी कशाला हात लावला नाही म्हणून. काका विंचवरून उतरले.

काकू टोपी हातात घेऊन चालत आल्या. काका काहीतरी समजूत घालायच्या बेतात होते.

"दोन दिवस वाट बघतेय," काकू म्हणाल्या. "म्हटलं, हे काही मला सोडत नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"अहो, बाकीच्यांना गुरगुर आणि मला अंगाई. सगळा क्लब ऐकतो. मला लाज वाटायची."

काकांना वाईट वाटलं, आणि बायकोचा अभिमानही वाटला. त्यांनी मान डोलावली आणि ते परत विंचवर चढले.

तासाभरात काकू एकट्या बसल्या. एक माणूस कमी, म्हणजे जोर थोडा कमी. जेवढा कमी करायचा तेवढाच काकांनी केला, तसूभरही जास्त नाही. वर दोर सुटला. काकांनी तो रिळावर नीट गुंडाळून घेतला आणि मगच वर बघितलं.

संध्याकाळी मेकॅनिक हँगरमधून हात पुसत आला आणि विचारायला लागला, काकू आज उडाल्याच नाहीत का, दिवसभरात एकदाही ती गुणगुण ऐकू आली नाही.